द्राक्षाच्या काडीचं गांडूळ खत: आंबायचं ते पोटात आंबू द्या

आमची दीड एकर द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. एप्रिलची खरड छाटणी झाली की बांधावर काड्यांचे ढीग लागतात. पूर्वी आम्ही ते पेटवून द्यायचो. गेली आठ वर्षं मी त्यांचं गांडूळ खत करते. बेड कसा लावायचा ते सांगतेच, पण आधी गांडुळाच्या पोटात काय चालतं ते समजून घ्या.

गांडुळाला दात नसतात. गिळलेला घास पेषणीत, म्हणजे पोटातल्या दळणाऱ्या पिशवीत, जातो आणि सोबत गिळलेल्या वाळूच्या कणांनी तिथे दळला जातो. त्या घासावर वाढलेली बुरशी आणि जिवाणूही त्यात चिरडले जातात. फुटलेल्या पेशींमधली प्रथिनं, आरएनए, साखर असा सगळा ऐवज पुढे आतड्यात उतरतो. आतड्यात भरपूर पाणी, चिकट स्राव, आणि प्राणवायू जवळजवळ नाहीच. मातीतून आलेल्या क्लॉस्ट्रिडियमसारख्या जिवाणूंना अशीच जागा हवी असते. ते जागे होतात आणि झाकून ठेवलेल्या इडलीच्या पिठासारखा तो घास आंबवायला लागतात. त्यातून अॅसिटिक, लॅक्टिक, सक्सिनिक अशी आम्लं तयार होतात, जी गांडुळाच्या अंगी लागू शकतात, आणि हायड्रोजनही सुटतो. जर्मनीत बायरॉइट विद्यापीठातल्या संशोधकांना तिकडच्या मोठ्या गांडुळाच्या आतड्यात हा हायड्रोजन प्रत्यक्ष मोजता आला. ते गांडूळ आपल्या खताच्या आयसेनिया जातीच्या गांडुळापेक्षा वेगळं, पण दोघांच्याही आतड्यात प्राणवायूचा तुटवडाच.

हे मला कळलं ते नुकसान झाल्यावर. दुसऱ्या वर्षी कांदाचाळीतला सडका कांदा दोन पाट्या भरून बेडवर ओतला. दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला, तिसऱ्या दिवशी गांडुळं भिंतीवर चढलेली, आणि आठवड्यात निम्मी मेली. ओल्या लगद्यात हवा शिरली नाही आणि जे पोटात आंबायला हवं ते बाहेरच आंबलं. तेव्हापासून वास आला की मी आधी पाणी बंद करते, बेड हाताने मोकळा करते आणि सुका पाला मिसळते.

आता कृती. काड्या श्रेडरमधून बारीक करून घ्या. बोर्डो, म्हणजे चुना आणि मोरचूद (तांब्याचा क्षार) यांचं मिश्रण, फवारलेलं काहीही घेऊ नका. पावसाळ्यात आमच्याकडे शेंड्यांवर मोरचूद पडतं, म्हणून ते शेंडे मी वेगळेच टाकते. ढिगात बाकी सगळं कुजतं, तांबं कुजत नाही, आणि ते गांडुळाला बाधतं.

एक पाटी भुश्शाला दोन पाट्या शेण घ्या, पाणी शिंपडून सावलीत ढीग लावा. दोन-तीन दिवसांत तो इतका तापतो की आत हात ठेववत नाही. दर पाच दिवसांनी उलटा. साधारण तीन-चार आठवड्यांनी तो थंड होतो आणि आत बुरशीची पांढरी जाळी दिसते. ती जाळी दिसली की मला फार बरं वाटतं, कारण गांडुळाचं खरं जेवण तेच आहे. तरी घाई नको. एका घमेल्यात हा माल घेऊन त्यावर दहा-पंधरा गांडुळं सोडा. सकाळपर्यंत ती आत शिरली असली, तर माल तयार आहे.

माझा बेड आंब्याखाली आहे, दहा फूट लांब, तीन फूट रुंद. उंची दीड फुटापेक्षा जास्त नको. एकदम भरू नका, चार-चार बोटांचे थर द्या आणि प्रत्येक थरावर दोन मुठी बारीक वाळू टाका, ती पेषणीसाठी. ओल किती? मूठ आवळली की एक-दोन थेंब पडावेत, धार लागता कामा नये. वर ओलं गोणपाट. मे महिन्यात मी ते दिवसातून दोनदा भिजवते, कारण बेड पस्तीस अंशांपुढे गेला तर गांडुळं तगत नाहीत. डिसेंबरात निफाडची थंडी पडली की ती मंदावतात. तेव्हा वर गव्हाच्या काडाचा जाड थर द्या आणि खाद्य कमी करा.

दोन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखा दाणा होतो. वास पहिल्या पावसातल्या मातीचा. चार दिवस आधी पाणी तोडा, म्हणजे गांडुळं खाली जातील आणि वरचं खत अलगद काढता येईल. चाळताना चाळणीवर मोहरीपेक्षा थोडे मोठे, दिसायला लिंबासारखे पिवळसर कोष राहतात. त्यात पिल्लं असतात, ते नव्या बेडवर पसरा.