फोमचा फ्लाय पाण्यावर आडवा पडतो, फिरतो, बुडतो? बांधताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या तळ्यांत पाणी साधारण १६ अंश सेल्सियसच्या वर गेलं की लार्जमाउथ बास हा मासा पृष्ठभागावर येऊन खाऊ लागतो. पहाटे आणि दिवस मावळताना काठालगतच्या गवताजवळ तर हमखास. अशा वेळी घरी बांधलेला फोमचा फ्लाय (गळावर केस-पिसं बांधून केलेलं खोटं आमिष) उत्तम चालतो आणि खर्चही किरकोळ. हस्तकलेच्या दुकानात मिळणारी २ मिमी जाडीची फोमशीट, गळ, दोरा, थोडे केस आणि पिसं एवढ्यात काम भागतं. पण पहिले पाच-सहा फ्लाय बहुतेकांचे फसतात. बहुतेक बिघाड दोनच जागी असतात: फोम गळावर कुठे बसला आहे आणि तो किती दाबला गेला आहे. हे दोन्ही घरच्या बादलीत कळतं, त्यासाठी तळ्यापर्यंत जायला नको.

इथे उदाहरण घेतलंय ते गर्गलरचं. बॉस्टनच्या जॅक गार्टसाइड यांचा हा नमुना शिकायला सर्वांत सोपा. फोमची पट्टी दांड्यावर (गळाच्या सरळ तारेवर) मागे बाकापर्यंत बांधायची, शेपटीला केस, मधल्या भागावर मळसूत्री गुंडाळलेलं पीस, मग तीच पट्टी पाठीवरून पुढे दुमडून नेढ्यामागे (दोरी ओवायच्या गळाच्या छिद्रामागे) बांधायची. नेढ्यापुढे उरलेला तुकडा म्हणजे ओठ. दोरी खेचली की हा ओठ पाणी ढकलतो आणि गुडगुड आवाज होतो.

फोम दांड्यावर गरगर फिरतो

सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार हीच. उघड्या, गुळगुळीत तारेवर फोम बांधला की दोन-चार फेकींतच तो कुशीला सरकतो. आधी नेढ्यापासून बाकापर्यंत दोऱ्याचा सलग थर द्या आणि त्यावर जेलसारख्या घट्ट सुपरग्लूचा पातळ हात फिरवा. पातळ, वाहतं सुपरग्लू नको. ते केसांत झिरपून शेपूट काडीसारखी ताठ करतं आणि नेढंही बुजवतं. नेढं बुजलंच, तर गोंद ओला असतानाच सुई घालून मोकळं करा.

मग दोऱ्याचे पहिले दोन वेढे नुसते टेकवल्यासारखे, तिसऱ्याला थोडा ताण, चौथ्या-पाचव्याला पूर्ण. पहिल्याच वेढ्याला जोर लावला तर फोम दोऱ्याच्या ओढीने दांड्याभोवती वळतो आणि मग कितीही गोंद लावा, तो वाकडाच राहतो.

दोरा फोम कापतो

सुरीसारखा आत शिरणारा दोरा म्हणजे बारीक दोरा. ट्राउटच्या चिमुकल्या फ्लायसाठी वापरतात तो ७० डेनिअरचा (डेनिअर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप) दोरा इथे चालत नाही. १४० किंवा २१० डेनिअरचा चपटा नायलॉन दोरा घ्या. जेल-स्पन दोरा ताकदीचा खरा, पण इतका निसरडा आणि चिवट की नवख्या हाताने फोमचे दोन तुकडे होतात. चपटा दोरा बांधताना पिळत जातो आणि गोल होतो. अधूनमधून बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारं साधन) मोकळा सोडून उलटा फिरू द्या, पीळ निघतो.

फ्लाय बुडतो, किंवा तोंड खाली घालतो

फोम तरंगतो तो त्याच्या बंद कप्प्यांतल्या हवेमुळे. पट्टी पुढे दुमडताना जोरात ताणली किंवा पूर्ण लांबीवर दोरा आवळला, की ही हवेची जागा दबते. फोम तेवढाच दिसतो, तरंगण्याची ताकद मात्र गेलेली असते. पट्टी ताण न देता पुढे आणा आणि नेढ्यामागे एकाच जागी आवळा. पाठीचा भाग फुगलेला राहिला पाहिजे.

दुसरं कारण शेपूट. माराबूचं मऊ, लवदार पीस पाण्यात सुंदर हलतं, पण स्पंजासारखं पाणी पितं. २ मिमीच्या एका पट्टीला भरगच्च माराबू पेलवत नाही. त्याऐवजी हरणाच्या शेपटीचे २५-३० केस घ्या, लांबी दांड्याच्या दीडपट. याहून लांब ठेवले तर फेकताना ते गळाच्या बाकाभोवती अडकतात आणि फ्लाय उलटा ओढला जातो. माराबूच हवा असेल तर फोम ३ मिमीचा घ्या किंवा पाठीवर पट्टीचा आणखी एक थर द्या.

फ्लाय बादलीत नीट तरंगतो आणि तळ्यात मात्र नाक खुपसतो, अशी तक्रार असेल तर दोष बांधणीत नसतो, फ्लायला बांधलेल्या पुढच्या दोरीत असतो. फ्लुओरोकार्बनच्या दोरीची घनता पाण्याच्या जवळपास पावणेदोन पट असते. ती बुडते आणि ओठाला खाली खेचते. पृष्ठभागासाठी १० ते १२ पौंडी साधी नायलॉन वापरा आणि नेढ्याला आवळलेली गाठ न मारता छोटा सैल फासा ठेवा. फासा असला की ओठ मोकळेपणाने वर-खाली डुलतो.

मासा येतो, पाणी फुटतं, पण गळ लागत नाही

इथे जरा थांबायला हवं, कारण लोक दोष माशाला देतात. बास भक्ष्य चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो. गळाचं टोक आणि दांडा यांच्यामधली जागा फोमने किंवा पिसाने भरलेली असेल तर टोक जबड्याला लागतच नाही. फोम दांड्याच्या वर बसवा, खाली लोंबू देऊ नका. मळसूत्री गुंडाळलेलं पीस पोटाकडून कात्रीने सपाट छाटा. त्याने गळाचं टोक मोकळं होतं आणि फ्लाय पाण्याला चिकटून बसतो, पिसांच्या टाचांवर उभा राहत नाही.

गळही रुंद तोंडाचा लागतो. बासच्या फ्लायसाठी 'स्टिंगर' म्हणून विकतात तो, नंबर २ किंवा १/०. नंबर २ साठी पट्टीची रुंदी १० ते १२ मिमी पुरे, लांबी ७-८ सेंमी कापा आणि उरलेलं शेवटी छाटा. स्लिपरच्या जाड फोमचा पॉपर (ठोकळ्यासारख्या अंगाचा तरंगता फ्लाय) करत असाल तर खाच पोटाच्या बाजूला आणि उथळ कापा. दांडा फोमच्या मध्यातून गेला की अर्धा फोम गळाच्या तोंडात येतो.

आणि फ्लाय कितीही चांगला असला, तरी पाणी फुटताक्षणी काठी वर झटकलीत तर तो माशाच्या तोंडातून निसटेल. दोरीला वजन जाणवू द्या, मग डाव्या हाताने दोरी सरळ खेचा. (काठी डाव्या हातात धरणाऱ्यांनी अर्थातच उजव्या.)

हवेत भोवरा, दोरीला पीळ

ओठ फार मोठा किंवा एका बाजूला कललेला असतो. नेढ्यापुढे ६ ते ८ मिमी पुरे. समोरून पाहिलं तर नेढं ओठाच्या बरोबर मध्याखाली दिसायला हवं. नसेल तर जास्तीच्या बाजूने एकेक मिलिमीटर छाटत बादलीत ओढून बघा. एकदम छाटलेला ओठ परत वाढत नाही. ओठ पुढे लोळत असेल, आवाज होत नसेल, तर ओठाच्या मुळाशी खालून दोऱ्याचे तीन-चार वेढे देऊन तो उभा करा. पट्टी कापायला कात्री वापरू नका. कडा लाटांसारखी होते आणि ओठ तिथूनच वाकडा सुरू होतो. पोलादी पट्टी आणि नवं पातं घ्या.

फ्लायच्या कुशीला बांधतात ते रबरी पायही याच तक्रारीत भर घालतात. प्रत्येक बाजूला दोन, लांबी फ्लायएवढीच. जास्त लांब पाय हवेत पंख्यासारखे फिरतात.

थर्मोकोलचा मोह

फोमऐवजी थर्मोकोल कोरून बघणारे बरेच असतात. सुपरग्लू लागताच तो विरघळून खड्डे पडतात. वापरायचाच असेल तर एपॉक्सी लावा. खरं तर वापरू नका.

रंगकामात वेळ घालवण्यातही फार अर्थ नाही. मासा खालून पाहतो, त्याला आकाशासमोरची काळी आकृतीच दिसते. मावळतीला काळा फोम त्यासाठीच चांगला. वर पिवळ्या किंवा नारिंगी फोमचा छोटा तुकडा बांधायचा तो आपल्याला फ्लाय दिसावा म्हणून. मार्करने ठिपके काढलेत तर पूर्ण वाळू द्या, नाहीतर वरच्या वार्निशात रंग पसरतो.

डबीत ठेवल्यावर होणारं नुकसान

चपट्या डबीत कोंबलेला ओठ आठवड्याभरात कायमचा दुमडतो. खोल कप्प्यांची डबी घ्या. आमिष म्हणून वापरतात त्या मऊ प्लास्टिकच्या अळ्यांसोबत रबरी पायांचे फ्लाय ठेवू नका, पाय चिकट होऊन वितळतात. उन्हातल्या गाडीतही तेच. घरी आल्यावर डबी उघडी ठेवून रात्रभर वाळवा. पिसांखालच्या दोऱ्यात पाणी राहिलं तर गळ आतून गंजतो, आणि वरून काहीच दिसत नाही.