पापेल पिकादो : मेक्सिकोतल्या मृतांच्या सणाची कागदी पताका घरी कशी कापावी

मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला गेलेली माणसं घरी भेटीला येतात, अशी श्रद्धा आहे. पहिला दिवस लहान मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. त्यांच्यासाठी मांडतात ती ‘ओफ्रेंदा’, म्हणजे फोटो, पाणी, मीठ, मेणबत्त्या आणि त्या माणसाच्या आवडीचे पदार्थ. वर झुलणाऱ्या जाळीदार पताका म्हणजे पापेल पिकादो. प्वेब्ला राज्यातलं सान साल्वादोर उइस्कोलोत्ला हे गाव याच कामासाठी ओळखलं जातं. तिथले कारागीर पन्नासेक कागदांची चळत शिशाच्या पाट्यावर ठेवून छिन्नी-हातोडीने एकदमच कापतात. घरी कटरने चार-पाच कागद पुरे.

सामान : पतंगाचा कागद (जांभळा, केशरी, राणी), नवं पातं घातलेला कटर, कटिंग मॅट किंवा जाड पुठ्ठा, स्टेपलर, दोरा, गोंदाची कांडी. कार्डपेपर नको. तो वाऱ्यावर हलत नाही, आणि न हलणारी पताका लावून काय करायचं?

१. कागद ३० × ४० सेंमी आकाराचे कापून एकावर एक ठेवा. सगळ्यांत वर नक्षीसाठी साधा पांढरा कागद. चारही कडांना पिना मारा.

२. आता नक्षी. खरी कसोटी इथेच. वरची ३ सेंमी पट्टी कोरी सोडून मधोमध कवटी काढा : डोळ्यांची दोन मोठी भोकं, नाकाचं उलटं बदाम, दातांच्या उभ्या चिरा. कवटी हसरीच हवी. होसे ग्वादालुपे पोसादा (१८५२–१९१३) या चित्रकाराने पिसांची टोपी घातलेली, नखरेल सांगाड्याची बाई काढली, तीच पुढे ‘कात्रिना’ म्हणून या सणाचा चेहरा झाली. पताकांवरचे सांगाडेही गिटार वाजवतात, नाचतात. भीती घालणं हा त्यांचा उद्देशच नाही.

कवटीभोवती चौकटींची जाळी आखा, पट्ट्या अर्धा सेंमी रुंद. कापायचा भाग पेन्सिलने काळा करा. मग कवटीवर बोट ठेवून, काळ्या भागाला न शिवता वरच्या कडेपर्यंत जाऊन बघा. वाट सापडली नाही, तर कवटी गळून पडणार. तिथे एक पट्टी जोडा. डोळ्यात फूल काढायचं असेल, तर त्यालाही दोन बाजूंनी आधार द्या.

३. आधी आतली बारीक भोकं, मग जाळी, शेवटी खालची झालर. बाहेरची कड आधी कापली तर चळत सरकते. प्रत्येक चौकटीत पातं कोपऱ्यातून मध्याकडे न्या. तुकडा अडकला तर बोटाने ओढू नका, पुन्हा पातं फिरवा. लहान मुलांना कटर देऊ नका. त्यांना कागद घडी करून कात्रीने कापू द्या.

४. पिनांच्या कडा कापून कागद हलक्या हाताने सुटे करा. कोरी पट्टी दोऱ्यावरून दुमडून चिकटवा. गोंद अगदी पातळ लावा, नाहीतर कागद चुरगळतो.

५. पताका ओफ्रेंदाच्या वर किंवा टेबलाच्या कडेला लावा, शक्यतो खिडकीजवळ. ओफ्रेंदावर पाणी, अग्नी आणि मातीबरोबर वाराही असावा लागतो, तो या कागदातून दिसतो. जवळ झेंडू हवाच. आपल्या दसऱ्याचं हे फूल मूळचं मेक्सिकोचंच. मेणबत्त्या मात्र पताकांखाली ठेवू नका, चांगल्या हातभर लांब ठेवा. हा कागद ठिणगीनेही पेटतो.