बाळाच्या कानातलं मशीन नीट चालतंय का, हे कसं तपासायचं

आजी मागून ताट वाजवते, बाळ मान वळवतं आणि घरात सगळे खूश, "ऐकू आलं बघ!" सांगली, विटा, कराड कुठंही जा, हीच टेस्ट. पण ताट-चमच्याचा आवाज इतका मोठा असतो की मशीन बंद असलं तरी बऱ्याच बाळांना तो जाणवतो, शिवाय हाताची सावली दिसते, पाळणा हलतो. आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ भरवशानं मान वळवतच नाही, मग त्याने वळवली काय नि नाही वळवली काय, त्यावरून मशीनबद्दल काही ठरत नाही.

म्हणून ऑडिओलॉजिस्टकडं (ऐकणं तपासून मशीन बसवून देणारे तज्ज्ञ) गेलात की सरळ विचारा, "रिअल इअर मेजरमेंट करता का?" लाजू नका. त्यात केसासारखी पातळ मऊ नळी कानात सरकवतात, तिला माइक जोडलेला असतो, आणि मशीनमधून निघालेला आवाज कानाच्या पडद्याजवळ नेमका किती पोचतो ते कॉम्प्युटरवर दिसतं. बाळाला उत्तर द्यायचं नसतं, त्यामुळं आईच्या मांडीवर झोपलेलं असलं तर सोन्याहून पिवळं. तेव्हा दूध निघायच्या आधी नाही, तिथं पोचल्यावर पाजा, नाहीतर एसटीतच झोप उरकते आणि दवाखान्यात पोरगं टक्क जागं.

हे लहान बाळाला जास्तच गरजेचं, कारण कानाची नळी छोटी. तेच मशीन, तेच सेटिंग, पण बाळाच्या कानात आवाज मोठ्या माणसापेक्षा 10 डेसिबलच्याही वर जास्त होऊ शकतो. बाळाच्या कानातला आवाज आणि तपासणीच्या डब्यातल्या ठरावीक मापाच्या पोकळीतला आवाज यांतला फरक मोजतात त्याला आरईसीडी म्हणतात, काही मिनिटांचं काम. एकदा तो आकडा मिळाला की बाकीची तपासणी मशीन त्या डब्यात ठेवून करता येते, बाळ तोवर बाहेर खेळूदे. बाळ अजिबात शांत बसलं नाही तर वयानुसार ठरलेले सरासरी आकडे वापरतात, चालतं, पण खरं मोजलेलं ते मोजलेलं.

ग्राफ दाखवायला सांगा. हळू, नेहमीचं आणि मोठं बोलणं (साधारण 55, 65, 75 डेसिबल) अशा तिन्ही रेषा टार्गेटच्या (बाळाला किती आवाज मिळायला हवा, त्या ठरलेल्या रेषांच्या) जवळ आहेत का बघा, आणि सगळ्यात मोठा आवाज किती जातो तेही तपासलंय का विचारा. हे शेवटचं विसरतात लोक. फटाके, ढोल-ताशा असल्या आवाजाला मशीनने मर्यादेत राहायला हवं.

कोणी म्हणेल मशीन लावून बेरा (डोक्याला वायरी चिकटवून आवाजाला नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते बघायची टेस्ट) करा. मशीन नसताना बेरा करतात, त्यानं किती ऐकू येतं ते कळतं, ते ठीक. पण मशीन लावून केलेल्या बेराचा फारसा उपयोग नाही, त्यातला क्लिक इतका आखूड असतो की डिजिटल मशीन त्याला बोलण्यासारखं वागवतच नाही. कॉर्टिकल टेस्ट नावाचा एक प्रकार आहे, त्यात बोलण्यातले आवाज वापरतात आणि बाळ जागं लागतं, पण त्यात मेंदूचा प्रतिसाद नाही आला म्हणजे ऐकू येतच नाही असं नसतं.

घरी मात्र रोज सकाळी एक काम करा, स्टेथोक्लिप आणा (डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखी असते, मशीन जोडून तुम्ही स्वतः ऐकायचं) आणि आ, ई, ऊ, श, स, म हे सहा आवाज काढून बघा. खरखर, अडखळणं, आवाज कमी वाटणं, लगेच कळतं. पावसाळ्यात आपल्याकडं हवा दमट, मोल्डच्या (कानात बसतो तो मापाचा साचा) नळीत पाण्याचा थेंब अडकला की आवाज बंद होतो आणि लोक मशीन खराब झालं म्हणून धावतात. रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. नवीन सेलचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग घाला, त्याला हवा लागते. आणि सेलचं झाकण लॉकचंच घ्या, बाळाने सेल गिळला तर तो जीवघेणा ठरू शकतो, वाट न बघता थेट हॉस्पिटल.

शिट्टी वाजायला लागली म्हणजे बहुतेक वेळा कान वाढलाय, मोल्ड ढिला झालाय. पहिल्या वर्षात मोल्ड वारंवार बदलावा लागतो. आवाज कमी करून शिट्टी बंद करून दिली तर घेऊ नका, शिट्टी जाते खरी पण ऐकणंही कमी होतं. नवीन मोल्ड आला की आरईसीडी पुन्हा मोजायला सांगा आणि ग्राफची प्रिंट फाइलला लावून घ्या, पुढच्या वेळी मिरजेऐवजी पुण्याला दाखवलंत तरी तिथल्यांना कुठून सुरुवात करायची ते कळेल.