यकृताच्या गाठीतलं मिथिलेशन तपासायचं असेल तर

प्रोजेक्टला आलेली मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, किट कुठला घ्यायचा?" मी उलट विचारते, गाठीची तुलना कशाशी करणार? हे ठरल्याशिवाय मी त्यांना पिपेटला हात लावू देत नाही.

यकृताच्या कर्करोगात डीएनएचा क्रम न बदलताही गाठ रोखणारी जनुकं बंद पडतात. प्रमोटरमधल्या, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या भागातल्या, सायटोसिन या डीएनएच्या अक्षरावर मिथाइल गट बसतो (हेच मिथिलेशन) आणि जनुक गप्प होतं. आरएएसएसएफ1ए आणि पी16 ही त्यातली नेहमीची दोन. पण ही सुरुवात गाठ दिसण्याच्या बरीच आधी होते. हिपॅटायटिस बी, सी किंवा दारूमुळे सिरोसिस (व्रण पडून यकृत कडक होणं) झालेल्या यकृतातही आरएएसएसएफ1एचं मिथिलेशन सापडतं. म्हणून गाठीशेजारचा तुकडा 'नॉर्मल' म्हणून लावू नका. तो वेगळा गट धरा. निरोगी यकृत हवं असेल तर आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला म्हणून शस्त्रक्रिया झालेल्यांच्या ब्लॉकमधून (फॉर्मलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा), त्या गाठीपासून लांबचा भाग पॅथॉलॉजिस्टकडे मागा. एथिक्स कमिटीची परवानगी आधी. वय जुळतं का पाहा, कारण वयानुसारही मिथिलेशन वाढतं. केमो झाली असेल तर तशी नोंद ठेवा.

स्लाइडवर गाठीची हद्द पॅथॉलॉजिस्टकडूनच पेनाने आखून घ्या. ती स्लाइड खाली ठेवून, वरच्या न रंगवलेल्या सेक्शनमधून (ब्लॉकचा पातळ काप) तेवढाच भाग ब्लेडने खरवडायचा. प्रत्येक रुग्णासाठी नवीन ब्लेड, इथे काटकसर नको.

पुढे, खरवडलेल्या भागातून काढलेल्या डीएनएवर बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया. साध्या सायटोसिनचं युरॅसिल होतं आणि पीसीआरनंतर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) ते थायमिन म्हणून वाचलं जातं. मिथाइल असलेलं सायटोसिन तसंच राहतं. सगळी परीक्षा या एका फरकावर. फॉर्मलिनमधल्या ब्लॉकचा डीएनए आधीच तुटलेला असतो, त्यात बायसल्फाइट आणखी तोडतं. त्यामुळे पीसीआरचा उत्पाद दीडशे बेसपेक्षा लहान ठेवा. प्रायमरच्या (प्रत जिथून सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा) 3' टोकाजवळ सीपीजी, म्हणजे सायटोसिनपुढे ग्वानिन अशी जोडी, हवी, आणि सीपीजी नसलेली काही सायटोसिनंही प्रायमरमध्ये घ्या, म्हणजे अर्धवट बदललेला डीएनए वाढणार नाही. चुका तपासत प्रती करणारं प्रूफरीडिंग एन्झाइम बहुधा युरॅसिलपाशी अडतं, म्हणून हॉट-स्टार्ट टॅक (तापवल्यावरच प्रती करू लागणारं एन्झाइम) वापरा. बदललेला डीएनए एकपदरी असतो, तेव्हा नॅनोड्रॉपवर (डीएनए किती आहे ते मोजणारं यंत्र) आरएनएचं सेटिंग लावा.

प्रत्येक नमुन्याला दोन नळ्या: एकीत मिथिलेटेड क्रमाचे प्रायमर, दुसरीत अनमिथिलेटेडचे. हर्मन आणि बेलिन यांच्या गटाने 1996 साली मांडलेली ही पद्धत आजही शिकण्यासाठी मला सगळ्यात चांगली वाटते. सोबत एसएसएसआय एन्झाइमने पूर्ण मिथिलेट केलेला डीएनए, अनमिथिलेटेड डीएनए आणि नुसतं पाणी लावा. पाण्याच्या नळीत बँड (जेलवर दिसणारी डीएनएची रेघ) आला तर ती अख्खी फेरी रद्द.

जेलवर गाठीच्या नमुन्यातही अनमिथिलेटेड बँड दिसला की मुलं हिरमुसतात. घाबरू नका. खरवडलेल्या भागात लिम्फोसाइट असतात, रक्तवाहिन्यांच्या पेशी असतात, तो बँड त्यांचाही असू शकतो. मात्र बँड ठळक म्हणून मिथिलेशन जास्त, असं वहीत लिहू नका. किती टक्के हे सांगायचं असेल तर तेच नमुने पायरोसिक्वेन्सिंगला (मिथिलेशन टक्क्यांत मोजणारी पद्धत) पाठवा.