हेल्थ शेअरिंग घेताय? आधी या चुका टाळा

"महिना 640 डॉलरमध्ये चौघांचं भागतंय, मग 2100 कशाला भरायचे?" मार्च 2022 मध्ये नवऱ्याने नोकरी सोडून स्वतःचं कन्सल्टिंग सुरू केलं, तेव्हा हे वाक्य आमच्याच घरात उच्चारलं गेलं. कंपनीचा विमा कोब्राखाली (नोकरी सुटल्यावर तोच विमा काही काळ स्वतःच्या खर्चाने चालू ठेवायची कायदेशीर सोय) चालू ठेवायचा तर 2100 आणि एका हेल्थ शेअरिंग योजनेचे, म्हणजे सदस्यांनी वर्गणी काढून एकमेकांची वैद्यकीय बिलं वाटून घ्यायच्या योजनेचे, 640. आम्ही टेक्सासमध्ये राहतो. इथे ओळखीतली दोन-तीन मराठी कुटुंबं आधीच अशा योजनेत होती आणि खूश होती. आम्हीही सही केली. पुढच्या दीड-दोन वर्षांत जे शिकले ते लिहिते आहे, कारण अमेरिकेत नोकऱ्या सुटताहेत, लोक स्वतःचे व्यवसाय काढताहेत आणि तोच प्रश्न आता मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं.

प्रीमियमशी वर्गणीची तुलना

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या चुका तिच्याच पोटातून निघतात.

भिशी आपल्याला माहीत आहे. दहा जणी दरमहा पैसे घालतात आणि ज्या महिन्यात जिचा नंबर लागतो तिला रक्कम मिळते. सगळं विश्वासावर चालतं, आणि बहुतेक वेळा चांगलंच चालतं. पण एखादीने हात वर केले तर बँकेविरुद्ध जसं दाद मागता येते तसं तिथे काही करता येत नाही. हेल्थ शेअरिंग ही आजारपणाची भिशी आहे. तुम्ही भरता ती वर्गणी. त्या बदल्यात तुमचं बिल 'शेअर' होण्यास पात्र ठरू शकतं. 'शकतं' हा शब्द त्यांच्या नियमपुस्तिकेत पानोपानी आहे, आणि आपण देतो तो विमा नाही, बिल भरण्याची कायदेशीर हमी आपण देत नाही, हेही या योजना स्वतःच लिहून देतात.

विमा कंपनी तुमचं देणं लागते. तिच्यावर राज्याच्या विमा खात्याची नजर असते. तिने क्लेम नाकारला तर बाहेरच्या तटस्थ तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागायचा हक्क असतो. कंपनी बुडाली तर राज्याचा हमी निधी असतो. शेअरिंगमध्ये यातलं काहीच नाही. शॅरिटी मिनिस्ट्रीज या हेल्थ शेअरिंग संस्थेने 2021 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा सदस्यांची बिलं त्यांच्याच गळ्यात पडली. वर्गणी तर त्यांनी वेळेवर भरली होती.

म्हणून तुलना करताना दोन्हीकडे एकच प्रश्न विचारा: सगळ्यात वाईट वर्षी माझ्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल? मार्केटप्लेसवरच्या (सरकारने चालवलेला विम्याचा बाजार), म्हणजे आपण ज्याला ओबामाकेअर म्हणतो त्या विम्यात 2026 साठी कायद्याने ही मर्यादा एका माणसाला 10,600 आणि कुटुंबाला 21,200 डॉलर आहे, प्रीमियम वेगळा. नेटवर्कमधले, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेले डॉक्टर आणि योजनेत बसणारे उपचार असतील तर त्यापलीकडे एक डॉलर नाही. शेअरिंगमध्येही 'आधी तुमचा वाटा इतका' असा आकडा दिलेला असतो आणि तो डिडक्टिबलसारखा (विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) दिसतो, म्हणून फसायला होतं. तो वाटा भरल्यावर उरलेलं बिल नक्की कुणीतरी भरेल, असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं.

पुण्यातली सोनोग्राफी

2010 च्या कायद्यामुळे अमेरिकेतला मार्केटप्लेसचा विमा आधीच्या आजाराकडे बघून तुम्हाला नाकारू शकत नाही, जास्त पैसे लावू शकत नाही. हेल्थ शेअरिंगला तो नियम लागू नाही. बहुतेक योजनांत आधीच्या दुखण्यासाठी काही वर्षं काहीच मिळत नाही किंवा टप्प्याटप्प्याने थोडं थोडं मिळतं.

हे आम्हाला माहीत होतं. आमच्या डोक्यात आधीचा आजार म्हणजे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार. नवऱ्याला यातलं काही नव्हतं. फेब्रुवारी 2023 मध्ये रात्री दोन वाजता पोटात कळा सुरू झाल्या, इमर्जन्सीत नेलं, मूतखडा निघाला. दुर्बिणीतून काढावा लागला. बिल 31,000 डॉलरच्या घरात.

डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी कधी खडा झाला होता का? वेदनेत असलेल्या माणसाने खरं ते सांगितलं: चार वर्षांपूर्वी पुण्याला गेलो होतो तेव्हा फुल बॉडी चेकअप केला, त्यात चार मिलिमीटरचा खडा दिसला होता, त्रास काही नव्हता. हे वाक्य टिपणात गेलं. योजनेने कागदपत्रं मागवली, ते टिपण वाचलं आणि आधीचा आजार म्हणून बिल नाकारलं.

आपल्या लोकांनी इथे विशेष जपायला हवं. भारतात सुट्टीला गेलं की आपण सगळ्या तपासण्या उरकून येतो, कारण तिथे स्वस्त पडतं, ओळखीचे डॉक्टर असतात. त्या फाइलमधली प्रत्येक ओळ शेअरिंग योजनेच्या दृष्टीने इतिहास असतो: साखर जरा काठावर, थायरॉइडची गोळी, फायब्रॉइड, जुनी पाठदुखी. अर्ज भरण्याआधी घरातल्या प्रत्येकाचे रिपोर्ट समोर घ्या आणि एकेका नोंदीबद्दल योजनेला ईमेलने विचारा. फोनवरच्या 'काही काळजी करू नका'ला अर्थ नाही, उत्तर लेखी हवं. आणि अर्जात लपवू नका. लपवलेलं सापडलं तर त्या बिलाबरोबर सदस्यत्वही जाऊ शकतं.

बाळंतपणाचंही असंच. गर्भधारणा सदस्यत्वाच्या आधीची असेल तर सहसा काही मिळत नाही. मूल हवं असलेल्या जोडप्याने ते पान सर्वांत आधी वाचावं.

सबसिडी न तपासता 'विमा परवडत नाही' म्हणणं

आम्ही कोब्राचा आकडा पाहिला आणि विम्याचा नाद सोडला. मार्केटप्लेसवर उत्पन्न टाकून पाहिलंच नाही. त्या काळात वाढीव सबसिडी, म्हणजे प्रीमियम भरायला मिळणारी सरकारी मदत, चालू होती. व्यवसायाच्या पहिल्या वर्षीच्या आमच्या उत्पन्नावर सिल्व्हर, म्हणजे मधल्या दर्जाचा, प्लॅन शेअरिंगच्या वर्गणीपेक्षा फार महाग पडला नसता, हे नंतर कळलं. हे अजून बोचतं.

ती वाढीव सबसिडी 2025 अखेर संपली आणि जुना कडा परत आला. दारिद्र्यरेषेच्या चारपटीपर्यंत उत्पन्न असेल तर सबसिडी, त्याच्या एक डॉलर वर गेलं तर शून्य. 2026 च्या विम्यासाठी चौघांच्या कुटुंबाला ही रेषा 1,28,600 डॉलरवर आहे. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांनी इथे थांबून आकडेमोड करावी. निवृत्तीच्या खात्यात, म्हणजे सोलो 401-के किंवा सेप आयआरएमध्ये, करपूर्व पैसे टाकले की हिशेबातलं उत्पन्न खाली येतं. रेषेच्या थोडं वर असलेलं कुटुंब तेवढ्याने खाली येऊ शकतं आणि वर्षाला हजारो डॉलरची मदत मिळू शकते. सीएला एक फोन करा, पुरे.

एच-वन-बीवर असणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. जानेवारी 2027 पासून सबसिडी मुख्यतः ग्रीनकार्डधारक आणि नागरिकांपुरती राहील. विमा विकत घेता येईल, पण पूर्ण किमतीला.

नोकरी नुकतीच सुटली असेल तर आणखी एक सोय विसरू नका. कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला 60 दिवस मिळतात आणि तो मागच्या तारखेपासून लागू होतो. त्या दोन महिन्यांत काही झालंच तर तेव्हा घ्या आणि मागचे हप्ते भरा.

'नाही पटलं तर सोडून देऊ'

सोडता येतं, विम्यात लगेच परत शिरता येत नाही. नोकरीचा विमा गेला की मार्केटप्लेसचं दार 60 दिवस खास उघडतं. शेअरिंग हा कायद्याच्या लेखी विमाच नसल्यामुळे ते सोडल्यावर दार उघडत नाही. आम्हाला फेब्रुवारीत उबग आला होता. 1 नोव्हेंबरला मार्केटप्लेसची वार्षिक नोंदणी सुरू होईपर्यंत थांबलो, विमा लागू झाला 1 जानेवारी 2024 ला. ते दहा महिने मुलं सायकलवर बसली की माझा जीव खालीवर व्हायचा.

न वाचता केलेली सही

यातल्या बऱ्याच संस्था मुळात ख्रिस्ती समुदायांनी एकमेकांचा भार उचलण्यासाठी काढल्या. मेडी-शेअर, समॅरिटन यांच्याकडे ख्रिस्ती श्रद्धेचं निवेदन मान्य करावं लागतं. त्यांच्या सदस्यांसाठी ते मनापासूनचं असतं आणि त्यांच्यात एकमेकांना दिलेला आधारही खरा असतो. आपण देव्हाऱ्यात गणपती ठेवून त्यावर 'फक्त फॉर्म आहे' म्हणत टिचकी मारणं मला चुकीचं वाटतं, आणि धोक्याचंही, कारण खोट्या निवेदनावर बिल नाकारता येतं. सेडेरा, झायन हेल्थशेअर अशा योजना सर्व धर्मांच्या लोकांना घेतात. तरीही दारू, तंबाखू, गर्भपात, मानसिक आजार यांविषयीची कलमं प्रत्येकीची वेगळी असतात, ती वाचा.

कराचं थोडक्यात: व्यवसाय करणाऱ्याला विम्याचा प्रीमियम उत्पन्नातून वजा करता येतो, वर्गणी नाही. फक्त शेअरिंग असेल तर एचएसए, म्हणजे औषधपाण्यासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात पैसेही टाकता येत नाहीत.

आणि भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईबाबांसाठी हा पर्यायच नव्हे. त्यांना व्हिजिटर इन्शुरन्स लागतो, तोही कॉम्प्रिहेन्सिव्ह.

तरुण, निरोगी, सबसिडीच्या रेषेच्या बऱ्याच वर, आणि वेळ आली तर पन्नास हजार डॉलर उभे करू शकणारं जोडपं असेल तर शेअरिंग घेऊ नका असं मी म्हणणार नाही. वेळेवर बिलं भरली गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

बिल अडकलंच तर

क्रेडिट कार्डावर टाकू नका. कार्डावर गेलं की ते हॉस्पिटलचं बिल राहत नाही, व्याजाचं कर्ज होतं. आधी योजनेकडे लेखी अपील करा, कुठल्या कलमाखाली नाकारलं ते विचारा. त्याच आठवड्यात हॉस्पिटलकडून प्रत्येक बाब वेगळी दाखवणारं बिल मागवा. आमच्या बिलात एक स्कॅन दोनदा लागला होता. तुम्ही तिथे रोख भरणारे रुग्ण आहात, तेव्हा त्या दराची सवलत मागा. ना-नफा हॉस्पिटल असेल तर आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवणं त्याला कायद्याने बंधनकारक आहे आणि पहिल्या बिलापासून 240 दिवस अर्ज करता येतो. आधी ठरवून केलेल्या उपचाराचा अंदाज लेखी घेतला असेल आणि बिल त्याहून 400 डॉलरने किंवा जास्त वाढलं असेल, तर 120 दिवसांत सरकारी प्रक्रियेतून वाद उभा करता येतो. राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार करा.

आमचं अपील फेटाळलं गेलं. हॉस्पिटलच्या बिलिंग विभागातल्या एका बाईंनी मात्र तीन वेळा फोनवर शांतपणे ऐकून घेतलं. दुबार स्कॅन वगळून, रोखीची सवलत धरून रक्कम 11,400 वर आली, बिनव्याजी 24 हप्त्यांत.