मस्टँग घ्यायला निघण्याआधी

फोटो बघून जीव जडायच्या आत विकणाऱ्याकडून एकच गोष्ट मागवा: व्हीआयएनचा, म्हणजे कारखान्याने गाडीला दिलेल्या ओळख क्रमांकाचा फोटो. टाइप केलेला नंबर नको, पत्र्यावर ठोकलेल्या नंबराचा फोटो हवा. ज्याची गाडी खरी आहे तो दहा मिनिटांत बॉनेट उघडून पाठवतो. ‘गाडी गोडाउनमध्ये आहे, पुढच्या आठवड्यात बघू’ असं दोनदा ऐकलंत, तर दुसरी गाडी शोधायला लागा. मी इंग्लंडमध्ये राहतो, गाडी कॅलिफोर्नियातून आणली, आणि ती ताब्यात येईपर्यंत तिला हातही लावला नव्हता. इतक्या लांबून घेणाऱ्यासाठी ते आकडे म्हणजेच साक्षीदार असतात, म्हणून त्यांच्यावर जरा जास्त बोलतो. उदाहरण माझ्याच गाडीचं घेतो, १९६६ ची फोर्ड मस्टँग. हिच्याबद्दल मी खात्रीने सांगू शकतो, आणि बाहेरून घेणारे बरेच जण इथूनच सुरुवात करतात.

सतरा अक्षरी व्हीआयएन १९८१ पासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली पद्धत होती, त्यामुळे इंटरनेटवरचे नेहमीचे ‘गाडीचा इतिहास काढा’ वाले अहवाल इथे उपयोगी पडत नाहीत. वाचायला आपणच शिकायचं, आणि ते अवघड नाही. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे अमेरिकन गाडीत डावीकडे, मडगार्डच्या आतल्या कडेला अर्धचंद्रासारखी खाच कापलेली दिसते. त्या खाचेतून खालच्या पत्र्यावर नंबर दिसतो. साठ वर्षांचं ग्रीस आणि रंगाचे थर त्यावर बसलेले असतात. चिंधीला थोडं रॉकेल लावून पुसायचं आणि टॉर्च समोरून न धरता बाजूने तिरपी धरायची, म्हणजे अक्षरांच्या कडांना सावली पडते. माझ्या गाडीचा नंबर ‘६आर०७सी’ असा सुरू होतो. ६ म्हणजे १९६६. आर म्हणजे कॅलिफोर्नियातला सॅन होजेचा कारखाना. एफ असता तर मिशिगनमधलं डिअरबॉर्न, टी असता तर न्यू जर्सीतलं मटाचन. ०७ म्हणजे हार्डटॉप (पक्क्या छताची), ०८ म्हणजे कन्व्हर्टिबल (छत दुमडणारी), ०९ म्हणजे फास्टबॅक (छत मागे उतरतं होत गेलेली). मग इंजिनाचं अक्षर, आणि त्यापुढचे सहा आकडे म्हणजे अनुक्रमांक, जो १००००१ पासून सुरू होतो.

इंजिनाचं अक्षर वहीत मोठं लिहून ठेवा. टी म्हणजे २०० घनइंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन. सी, ए आणि के ही तिन्ही २८९ घनइंचांची व्ही-एट. सी दोन बॅरलच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या दोन नळ्यांच्या, कार्ब्युरेटरची, ए चार बॅरलची २२५ अश्वशक्तीची, आणि के ती नावाजलेली २७१ अश्वशक्तीची. किमतीतला सगळा फरक या एका अक्षरात असतो, म्हणून सगळी लबाडीही इथेच होते.

पहिल्यांदा मी इथेच फसलो. जाहिरातीत ‘मूळ व्ही-एट’ लिहिलं होतं, बॉनेटखाली व्ही-एटच होतं, आणि मी घाईघाईने बयाणा भरून टाकला. नंतर सॅन होजेत राहणाऱ्या मावसभावाला बघायला पाठवलं. त्याला गाड्यांमधलं फारसं कळत नाही, पण त्याची नजर स्वच्छ. व्हिडिओ कॉलवर तो चाकाजवळ वाकला आणि म्हणाला, “दादा, चाकाला चारच नट दिसतायत, पाच असतात ना?” माझ्या पोटात गोळाच आला. त्या वर्षांत सहा सिलिंडरच्या मस्टँगला चार नटांची चाकं असत आणि व्ही-एटला पाच नटांची. व्हीआयएनमध्ये टी निघाला. सहा सिलिंडरच्या गाडीत कुणीतरी नंतर व्ही-एट बसवलं होतं, आणि ब्रेक, अ‍ॅक्सल, पुढचं सस्पेन्शन सगळं हलक्या इंजिनाच्या हिशोबाचं तसंच राहिलं होतं. बयाणा परत मिळाला नाही. चाकाचे नट मोजायला एक सेकंद लागतो आणि ते जाहिरातीतल्या फोटोतही मोजता येतात, हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं.

तसंच जीटीचं, म्हणजे मस्टँगच्या स्पोर्टी पॅकेजचं. १९६५ आणि १९६६ या दोन वर्षांत जीटी पॅकेज फक्त ए किंवा के इंजिनाबरोबर मिळायचं. सी किंवा टी अक्षराच्या गाडीवर जीटीचे बिल्ले, ग्रिलमध्ये फॉग लॅम्प आणि मागच्या पत्र्यातून बाहेर आलेले सायलेन्सरचे पाइप असतील, तर ते सगळं नंतर लावलेलं आहे. गाडी म्हणून ती वाईट नाही. फक्त जीटीची किंमत तिला देऊ नका.

यानंतर दाराची पट्टी. ड्रायव्हरच्या दाराच्या मागच्या कडेवर दोन रिव्हेटांनी ठोकलेली पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर बॉडीचा प्रकार, रंग, आतली सजावट, तारीख, विक्री कार्यालय, अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्स यांचे कोड असतात. ६५ए म्हणजे साधी हार्डटॉप, ६३ए फास्टबॅक, ७६ए कन्व्हर्टिबल. रंगात ए म्हणजे रेव्हन ब्लॅक, एम म्हणजे विम्बल्डन व्हाइट, टी म्हणजे कँडीअ‍ॅपल रेड. गिअरबॉक्सच्या खान्यात १ म्हणजे तीन गिअरचा मॅन्युअल, ५ म्हणजे चार गिअरचा, ६ म्हणजे सी-फोर ऑटोमॅटिक. तारखेत आकडा दिवसाचा आणि अक्षर महिन्याचं: ए म्हणजे जानेवारी इथून एम म्हणजे डिसेंबरपर्यंत, मधला आय गाळून. विक्री कार्यालय ७१ असेल तर लॉस एंजेलिस, ७२ असेल तर सॅन होजे. या पट्टीवर प्रेम करा पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका, कारण हव्या त्या कोडच्या नव्या पट्ट्या बनवून मिळतात. पट्टीवरचा आणि मडगार्डचा व्हीआयएन जुळले पाहिजेत, आणि तिसरा तोच नंबर मालकीच्या कागदावर हवा. माझ्या गाडीच्या पट्टीवर रंगाचा कोड एम आहे आणि गाडी लाल. मागच्या सीटची पाठ काढली तेव्हा कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढा दुधाळ पांढरा रंग तसाच होता, कारखान्यातून आलेला. त्या पांढऱ्या तुकड्याने मला जितका आनंद दिला तितका बाहेरच्या चकाकीने दिला नव्हता.

‘नंबर्स मॅचिंग’, म्हणजे इंजिनावरचा आणि गाडीवरचा नंबर एकच, हा शब्द विकणारे सर्रास वापरतात. १९६६ च्या सी किंवा ए इंजिनावर व्हीआयएन ठोकलेलाच नसतो, तेव्हा तो शब्द या गाडीला सिद्ध करता येत नाही. तपासायची ती ओतकामाची तारीख. इंजिनाच्या ब्लॉकवर वर्षाचा आकडा, महिन्याचं अक्षर आणि दिवस असा उठावाचा कोड असतो. तो दाराच्या पट्टीवरच्या तारखेच्या थोडा आधीचा असला पाहिजे. इंजिन गाडीच्या नंतर जन्मलेलं असेल, तर ते बदललेलं आहे. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांसाठी मार्टी ऑटो वर्क्सकडून कारखान्याच्या नोंदींचा अहवाल मिळतो. १९६५ आणि १९६६ साठी ती सोय नाही. पाँटिअ‍ॅक घ्यायची असेल तर पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मूळ कागदांच्या प्रती मागवा, कारण १९६४ आणि ६५ ची जीटीओ, म्हणजे पाँटिअ‍ॅकची नावाजलेली वेगवान गाडी, नुसत्या व्हीआयएनवरून ओळखता येत नाही.

आता पत्रा, आणि यादीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम. मस्टँगला वेगळी चॅसी नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार उचलतो, म्हणून पत्रा कुजला की गाडी गेली. इंजिन दुरुस्त होतं, सीटा शिवून मिळतात, क्रोम परत चढवता येतं. गंजाचं मात्र गाडी कुठे जन्मली यावरून ठरत नाही, ती कुठे राहिली यावरून ठरतं. बर्फाच्या राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते खालून पत्रा खातं. तेव्हा मालकाला विचारा, गेली तीस वर्षं गाडी कोणत्या गावात होती?

काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे हवा आत घेणाऱ्या जाळीदार फटी असतात, त्याला काउल म्हणतात. पानं आणि माती आत साचून तो आतून कुजतो आणि वरून काहीच दिसत नाही. तपासायचं असं: पुढचा गालिचा उचलून ठेवायला सांगा, मग त्या फटींत दोन-तीन तांबे पाणी ओता आणि आत पायांपाशी टॉर्च धरा. पाणी पुढच्या चाकांच्या मागे बाजूने बाहेर पडलं पाहिजे. मावसभावाने दुसरी गाडी बघितली तेव्हा पंधरा सेकंद काहीच झालं नाही. मग अ‍ॅक्सिलरेटरच्या वर एक थेंब फुगला, लोंबला आणि पेडलवर टपकन पडला. त्यामागून धार लागली. मालक म्हणाला, रबर बदललं की होईल. रबराने ते होत नाही. मडगार्डं उतरवून, वेल्डिंगचे शेकडो ठिपके उडवून काउल उचकटावा लागतो. ती गाडी आम्ही सोडली. माझी आहे ती तिसरी.

बाकी जागा पटापट सांगतो: बॅटरीखालचा पत्रा, कारण अ‍ॅसिड सांडतं, पुढच्या सस्पेन्शनच्या टॉवरभोवतीचे तडे, खालच्या बाजूला पुढच्या-मागच्या रेल, फ्लोअर, डिकीच्या तळाचे दोन्ही कोपरे, मागच्या चाकांच्या कमानी. मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक जवळ असू द्या. जिथे ते चिकटत नाही तिथे आत पुट्टी आहे. स्वतः जाता येत नसेल तर विकणाऱ्याशी काही देणंघेणं नसलेला तपासनीस पैसे देऊन पाठवा आणि गाडी रॅम्पवर चढवून खालून फोटो काढायची अट घाला. हे पैसे वाचवू नका.

फास्टबॅकच्या मागे लागायचं असेल तर हे माहीत असू द्या: १९६६ च्या एकूण ६,०७,५६८ मस्टँगपैकी ४,९९,७५१ हार्डटॉप होत्या, ७२,११९ कन्व्हर्टिबल आणि फास्टबॅक फक्त ३५,६९८. पहिल्या गाडीसाठी मी तर हार्डटॉपच सुचवेन. जर्मनीत शोधत असाल तर मस्टँगऐवजी ‘टी-५’ असा बिल्ला दिसेल. ती नक्कल नव्हे. तिथे मस्टँग हे नाव क्रुप कंपनीकडे ट्रकसाठी नोंदलेलं होतं, म्हणून फोर्डने ते वापरलं नाही.

कागदांत टायटलवरचं, म्हणजे अमेरिकेतल्या मालकीच्या सरकारी कागदावरचं, नाव आणि विकणाऱ्याचं नाव एकच हवं. मधल्या कुणीतरी सही करून कोरं ठेवलेलं टायटल घेऊ नका. कर्जाचा बोजा किंवा ‘सॅल्व्हेज’ (मोठ्या नुकसानीमुळे मोडीत काढलेली) असा शेरा आहे का ते बघा. न्यूयॉर्कसारखी राज्यं १९७२ पर्यंतच्या गाड्यांना टायटल देतच नाहीत. तिथे हस्तांतर करता येणारं रजिस्ट्रेशन आणि विक्रीपत्र मागायचं. अमेरिकेतून गाडी बाहेर काढताना गाडी आणि मालकीचे कागद निर्यातीच्या आधी ७२ तास तिथल्या कस्टम्ससमोर ठेवावे लागतात, म्हणून मूळ कागद शिपिंग एजंटकडे वेळेत पोचले पाहिजेत. कंटेनर आणि रो-रो (गाडी चालवत जहाजावर चढवायची पद्धत) यांत मी कंटेनर निवडला. विमा घेताना फक्त पूर्ण नुकसानीचा आहे की ओरखड्याचाही, हे शब्द वाचून घ्या.

ब्रिटनमध्ये आणताना तीस वर्षांहून जुनी, मूळ स्थितीतली, उत्पादन थांबलेल्या मॉडेलची गाडी संग्राह्य वस्तू मानली जाते: आयात शुल्क शून्य आणि जहाजभाड्यासकट किमतीवर ५ टक्के व्हॅट. मूळ स्थिती नसेल तर १० टक्के शुल्क आणि २० टक्के व्हॅट, तेव्हा इंजिन किंवा ब्रेक बदलायची हौस गाडी नोंदवल्यानंतर करा. आल्यापासून १४ दिवसांत नोव्हाची, म्हणजे गाडी देशात आल्याची, सूचना कर खात्याला द्यायची, मग डीव्हीएलएकडे, म्हणजे तिथल्या वाहन नोंदणी कार्यालयाकडे, अर्ज. मागचे लाल इंडिकेटर अंबर करावे लागतात, कारण लालची सूट १ सप्टेंबर १९६५ च्या आधीच्या गाड्यांनाच आहे.

पुण्या-मुंबईतल्या वाचकांसाठी थोडं. शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जुळवत होती आणि कुर्ल्याच्या प्रीमियरमधून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडत होत्या, त्यामुळे अमेरिकन गाडी आपल्याकडे तशी जुनीच ओळखीची. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे, आणि ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही.

गाडी दारात आली की लगेच लांब पल्ल्याला निघू नका. १९६६ च्या मस्टँगला ब्रेकचं मास्टर सिलिंडर एकाच खान्याचं आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. फोर्डने दोन खान्यांचं १९६७ पासून दिलं. तेव्हा ब्रेकच्या सगळ्या रबरी नळ्या आधी बदला, आणि जमल्यास दोन खान्यांचं सिलिंडर बसवून घ्या. पेट्रोलच्या नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्या घाला. पाने इंचातले लागतील, मिलिमीटरचे चालणार नाहीत. गॅरेज आधीच मोजा: गाडी ४.६१ मीटर लांब आणि १.७३ मीटर रुंद आहे, आणि दारं लांबलचक उघडतात.

आणि विकणाऱ्याकडून दोन्ही किल्ल्या मागून घ्या. इंजिनाची आणि दारांची एक, डिकीची वेगळी. माझी दुसरी किल्ली कॅलिफोर्नियातल्या एका स्वयंपाकघराच्या खणात राहिली होती, आणि कस्टम्सला डिकी उघडून बघायची होती.