नेकचं ग्लॉस काढायचंय? सँडपेपर हातात घ्यायच्या आधीची तयारी

बेस गिटार वाजवणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच की नेक (गिटारचा लांब दांडा) चिकटतोय, ग्लॉस म्हणजे वरचं चकचकीत फिनिश काढून टाकू का, आणि उत्तर बऱ्याचदा हो असंच असतं, पण एकदा घासलं की घासलं, म्हणून आधी थोडी तयारी करा. पहिलं काम म्हणजे नेक नीट पुसा. हसू नका. घाम आणि हाताचं तेल साचून ग्लॉसवर जो थर बसतो तो दमट हवेत चिकट होतो आणि शिव्या मात्र फिनिशला पडतात. सुती कापड किंचित ओलं करून पुसा, लगेच कोरड्या कापडाने पुसा, हात धुवून वाजवायला बसा, असं काही दिवस करून बघा. एवढं करूनही अंगठा अडकतच असेल तर मग पुढे वाचा. बेसवर हे जास्त जाणवतं कारण ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) म्हणजे हात सारखा वरखाली सरकणार, आणि तारा जाड असल्याने अंगठ्याचा दाबही जास्तच.

मग नेकवर नक्की काय लावलंय ते शोधा. मॉडेलच्या माहितीत बहुतेक वेळा लिहिलेलं असतंच, तिथे आधी बघा. सॅटिन आणि ग्लॉस ही दोन वेगळी केमिकलं नाहीत बरं का, एकच पॉलियुरेथेन दोन्ही प्रकारे येतं, फरक चमकेचा. फेंडरचे जुने बेस नायट्रोसेल्युलोज लॅकरचे, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ते जाड पॉलिएस्टरकडे वळले. म्युझिक मॅनच्या बऱ्याच नेकवर गनस्टॉक ऑइल आणि वॅक्स असतं, वॉरविक बीजवॅक्ससाठी ओळखलं जातं, म्हणजे अशा नेकवर काढण्यासारखं ग्लॉस मुळात नाहीच. माहिती मिळाली नाही तर बोल्ट-ऑन (स्क्रूने बसवलेला) नेक सोडवून टाचेच्या, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकाच्या, लपलेल्या भागावर कापसाच्या काडीने लॅकर थिनरचा अगदी छोटा ठिपका लावा, नायट्रो असेल तर मऊ पडून चिकट होईल, नीट वाळलेल्या पॉलीला (पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर) सहसा काही होत नाही. दिसणाऱ्या जागेवर हा प्रयोग नको. आणि नायट्रो निघालंच तर स्टँडही बघून घ्या, काही स्टँडच्या रबरातले किंवा फोममधले घटक नायट्रोला अक्षरशः वितळवतात.

आता हवेचा भाग. फिनिश ओलावा अडवतं असं सगळे म्हणतात, पण अडवत नाही, उशीर करतं. जाड पॉलीतूनही वाफ जाते, फक्त खूप हळू, म्हणून दोन-चार दिवस हवा दमट झाली तर पॉलीवाल्या नेकला पत्ताही लागत नाही आणि ऑइलवाला नेक लगेच हलायला लागतो. महिनोन् महिने हवा तशीच राहिली तर मात्र दोघंही शेवटी त्याच ठिकाणी पोचतात. लाकूड हलतं ते मुख्यतः आडवं. हार्ड मेपल पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने साधारण १० टक्के आकसतं, त्रिज्येच्या दिशेने ५ च्या आसपास, आणि लांबीला अगदीच नगण्य. म्हणून कोरड्या दिवसांत पहिली तक्रार फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) टोकांची येते, बोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी, रुंदीला आकसतो, धातू आकसत नाही, आणि बाजूने हात फिरवला की खरखर लागते. फ्रेटची टोकं टोचायला लागली की हवा कोरडी झाली समजायचं, फिनिशच्या नावाने ओरडून उपयोग नाही.

नेक वाकतो त्याचं कारण वेगळं. मागच्या बाजूला पॉली, पुढे रोझवूडचा उघडा बोर्ड, म्हणजे एक बाजू पटकन ओलावा घेते आणि दुसरी हळू, त्यात लाकडंही दोन वेगळी, आणि वर तारांचा ८० किलोच्या आसपासचा ताण. दमट हवेत रिलीफ (नेकचा पुढच्या बाजूचा किंचित बाक) वाढणार की कमी होणार यावर लोक भांडत बसतात, पण लाकडाचा कट, बोर्ड, ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करायची सळई), सगळ्यावर ते अवलंबून असतं, त्यामुळे दुसऱ्याच्या बेसचं उत्तर तुमच्या काहीही कामाचं नाही. तुम्ही तुमचा मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारी क्लिप), नेक बॉडीला जिथे मिळतो तिथला फ्रेट दाबून धरायचा, आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधलं अंतर फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घ्यायचं, ०.३ मिलीमीटरच्या आसपास असेल तर बहुतेक बेसना चालतं. सोबत त्या वेळची आर्द्रता लिहा. त्यासाठी हायग्रोमीटर लागेल, आणि स्वस्तातला बिनधास्त खोटं बोलतो, म्हणून आधी त्याची परीक्षा घ्या, झाकणात मीठ घेऊन थोड्या पाण्याने ओलसर करायचं (विरघळवून टाकायचं नाही), हायग्रोमीटरसोबत बंद डब्यात रात्रभर ठेवायचं, सकाळी ७५ टक्के दिसायला हवं, जेवढा फरक तेवढा लक्षात ठेवा. कोरड्या दिवसांतली एक आणि दमट दिवसांतली एक अशी नोंद हातात येईपर्यंत फिनिशला हात न लावलेला बरा, नाहीतर नंतर नेक हलला तर तो तुमच्यामुळे हलला की आधीपासूनच हलायचा हे कळणारच नाही.

आता मुद्द्याचं. हाताला जे लागतं तो फिनिशचा फक्त वरचा पृष्ठभाग, ओलावा रोखते ती पूर्ण जाडी. म्हणजे हात सरकायला हवा असेल तर थर काढायची गरजच नाही, चमक मारली की काम झालं! ग्रे स्क्रब पॅड घ्या, नेकच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा, गोल गोल नाही, टाचेच्या आणि हेडस्टॉकच्या अलीकडे मास्किंग टेप लावून तिथे थांबा. यासाठी तारा काढायचीही गरज नाही. काही महिने वाजवलं की तळहाताने घासून घासून चमक परत येते, मग पुन्हा पॅड फिरवा, बस. माझ्या मते चिकटणाऱ्या ग्लॉस नेकपैकी बहुतेकांना एवढंच पुरतं, आणि लोक उगाच लाकडापर्यंत खरवडतात. एकच सूचना, थर पातळ असेल, म्हणजे जुनं नायट्रो वगैरे, तर जपून, कडेला लाकूड उघडं पडायला वेळ लागत नाही. आणि बेस खरंच जुना, मूळ फिनिशचा असेल तर हात लावू नका, किंमत जाते.

तरीही ऑइलच हवं असेल, आणि त्याचा फील भारी असतो यात वाद नाही, तर काय गमावताय ते माहीत असू द्या. ऑइल लाकडात मुरतं, वर थर जवळजवळ नाही, त्यामुळे ट्रस रॉडची चावी हाताशी ठेवावी लागेल, मळ लाकडात शिरून नेक करडा पडेल आणि अधूनमधून पुन्हा ऑइल लावावं लागेल. कोरं मेपल तर ठेवूच नका, काही नेक बनवणारे बिनफिनिश मेपलची गॅरंटीच देत नाहीत. भाजलेलं मेपल असेल तर गोष्ट थोडी वेगळी, उष्णतेने त्याची पाणी धरायची क्षमता कमी झालेली असते, त्याला पातळ ऑइल सहज पुरतं. कार्बन फायबरच्या नेकवाल्यांनी हा परिच्छेद वाचलाच का माहीत नाही.

सामान जमवताना स्टील वूल घेणार असाल तर पिकअप (तारांचा आवाज पकडणारे मॅग्नेटवाले भाग) पूर्ण झाका, लोखंडाचा चुरा मॅग्नेटला चिकटला की निघता निघत नाही. सिलिकॉनवालं पॉलिश आधी कधी मारलं असेल तर नेक नीट स्वच्छ करा, नाहीतर नवीन फिनिशमध्ये माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. लाकूड उघडं केलंत तर ओल्या कापडाने एकदा पुसून, वाळवून, उठलेले धागे बारीक पेपरने पुन्हा घासा. ऑइल लावताना टाच आणि ट्यूनरची भोकं विसरू नका, लाकडाचा आडवा छेद उघडा राहिला की ओलावा तिथूनच सगळ्यात आधी आत जातो. लॅकर केलेल्या मेपल बोर्डवर ऑइल लावायचं नाही, रोझवूडवर चालतं, तेही थेंबभर. पातळ कोट, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ, आणि दमट दिवशी त्याहून जास्त. ऑइलच्या चिंध्या चुरगाळून टाकू नका, जवसाच्या तेलासारखी वाळणारी ऑइलं हवेशी क्रिया होताना तापतात आणि ढीग आपोआप पेटू शकतो, त्या बाहेर सपाट पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

तारा चढवल्यावर नेकला एक रात्र द्या, मग रिलीफ पुन्हा मोजा आणि आधीच्या नोंदीशेजारी लिहा. रॉड फिरवायची वेळ आली तर एका वेळी पाव फेऱ्याहून कमी, परत ट्यून करा, परत मोजा, आणि चावी घट्ट लागायला लागली तर जोर न लावता लुथियरकडे (गिटार बनवणारा-दुरुस्त करणारा) द्या.